रिकिबीतून पाय काढल्यावर

वाचकहो, संपादक मंडळाने यंदा मला "वैद्यकाबाहेरचे काही लिहा" अशी प्रेमळ आज्ञा केली, तेव्हा घोड्यांविषयी लिहावे असे ठरविले. लिहावयास बसलो आणि ध्यानात आले, की गेल्या पावसाळ्यापासून माझ्यापुरते घोडा आणि वैद्यक हे दोन विषय वेगळे राहिलेलेच नाहीत. तेव्हा संपादकांची आज्ञा अर्धीच पाळली गेली, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

सिल्वासातील जुन्या मंडळींना माझे हे वेड ठाऊक आहे. खानवेलच्या रस्त्यावर एका स्नेह्यांच्या वाडीत माझी बिजली नावाची कुमैत घोडी असते. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेथून ती आणली. जातीने काठियावाडी. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात, ही त्या जातीची खूण. पहाटे तासभर रपेट आणि मग दवाखाना, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. अठ्ठावन्नाव्या वर्षीही मांड पक्की आहे, याचा थोडा गर्वही होता.

गेल्या जुलैत पोटात दुखू लागले. रुग्णाला मी जे कधीही करू दिले नसते, तेच स्वतः केले. दोन दिवस गोळ्या घेऊन दुखणे दडपले. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि अपेंडिक्स फुटल्याचे निष्पन्न झाले. पोट उघडून धुवावे लागले. नाभीच्या वर-खाली वीतभर छेद पडला. नवव्या दिवशी घरी आलो. निघताना शल्यचिकित्सक मित्राला पहिला प्रश्न विचारला तो, "घोड्यावर कधी?" तो म्हणाला, "तीन महिन्यांनंतर पाहू." रुग्णाला जे सोयीचे असते तेच ऐकू येते, हे मी आयुष्यभर पाहिले होते. आता स्वतःवरून अनुभवले. तीन महिन्यांचे मनातल्या मनात मी सहा आठवडे केले.

दिसणे आणि असणे

जखम भरण्याचे गणित आपण सर्व व्यवसायबंधू विद्यार्थिदशेत पाठ करतो. पहिल्या आठवड्यात त्वचेच्या सांध्याची ताण सोसण्याची शक्ती मूळच्या दहा टक्क्यांनाही पोहोचत नाही. सहा आठवड्यांनी ती निम्म्याच्या आसपास येते, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के होते आणि पुढे कितीही वर्षे गेली तरी पूर्ण पूर्वीइतकी होत नाही. पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरण तर आणखी सावकाश सांधते. ते दोन महिन्यांनीही निम्म्याच बळाचे असते. पोटाच्या मध्यभागी घेतलेल्या छेदांपैकी दहा ते वीस टक्के छेदांतून पुढे हर्निया डोकावतो, तो या अवधीतल्या घाईचाही परिणाम असू शकतो.

हे सर्व ठाऊक असूनही सातव्या आठवड्यात, पोळ्याच्या सुमारास, मी वाडीवर गेलो आणि खोगीर चढवावयास सांगितले. दुखत नव्हते. टाके निघून बरेच दिवस झाले होते. आरशात व्रण स्वच्छ दिसत होता. मोतद्दार जागचा हलला नाही. हा वारली तरुण शाळेत फारसा गेलेला नाही, पण घोडीची प्रकृती माझ्यापेक्षा अधिक जाणतो. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसायेब, दोन वर्षांमागं घोडीचा पाय दुखावला होता. वीस दिवसांत ती लंगडायची थांबली. तरी तुम्ही तिला सहा महिने पळवू दिली नाय. म्हणाले, लंगडणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं नाय. मग तुमचं पोट काय वेगळं हाय?"

मी निरुत्तर झालो. त्या वेळी बिजलीच्या पुढच्या पायाची कंडरा ताणली गेली होती. पशुवैद्यांनी बजावले होते, की घोड्याचे लंगडणे काही आठवड्यांत थांबते, परंतु कंडरेचे तंतू सांधून बळकट होण्यास कित्येक महिने लागतात आणि मधल्या काळात जो मालक फसतो त्याचा घोडा कायमचा निकामी होतो. जनावराच्या बाबतीत मला जे समजले, ते स्वतःच्या बाबतीत समजले नाही. मी खोगीर उतरवावयास सांगितले आणि वाडीच्या बांधावर बसून राहिलो. त्या दिवशी फार उदास वाटले, हे कबूल करावयास लाज वाटत नाही. रपेट गेली म्हणून तर वाईट वाटत होतेच, पण यापुढे आपण घोड्यावर बसणारे गृहस्थ राहू की नाही, अशी शंका त्यामागे होती. साठीच्या उंबरठ्यावर ही शंका सोपी नसते.

विश्रांतीलाही पथ्य हवे

पुढचे दिवस कसे काढले, ते सांगतो, कारण त्यातले काही आपल्या रुग्णांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट घोडीची. मालक आजारी पडला की घोड्यालाही सक्तीची सुट्टी मिळते आणि ती धोक्याची असते. कामावरच्या घोड्याची चंदी बसून खाणाऱ्या घोड्याला तशीच चालू ठेवली आणि एके दिवशी त्याला एकाएकी कामास जुंपले, तर पाठीचे व मांड्यांचे स्नायू आखडून लाकडासारखे होतात आणि लघवी काळपट तांबडी येते. पाश्चात्त्य देशांत रविवारच्या सुट्टीनंतर हा विकार दिसत असे, म्हणून त्याला सोमवार सकाळचा रोग असेच म्हणत. धान्य जास्त झाले तर खुरांच्या आतही दाह होतो. तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंथरुणावरून मी बिजलीची चंदी कमी करून गवत वाढविण्यास आणि तिला रोज लगामाने धरून फिरविण्यास सांगितले. दुसऱ्याच्या पथ्याची काळजी घेताना स्वतःचे पथ्य सुसह्य होते, हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट जखमेची. घोड्याच्या लिदीत व तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने असतात, हे आपण जाणतोच. म्हणून जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत मी पागेत पाऊल टाकले नाही आणि धनुर्वाताच्या लसीची नोंदही तपासून घेतली. पुढे गेलो तो कुंपणाबाहेर उभा राहिलो. खरारा मोतद्दार करी, मी पाहत असे. घोड्यावर बसणारा माणूस घोडा फार थोडा पाहतो. त्याला मान आणि कान तेवढे दिसतात. उतरल्यावर मला प्रथमच कळले, की बिजली उभी राहताना डावा मागचा पाय अधिक हलका ठेवते आणि पावसाची चाहूल लागताच उत्तरेकडे तोंड करते. रोज तीन निरीक्षणे वहीत लिहू लागलो. ती वही आज मला केसपेपरांइतकी मोलाची वाटते.

तिसरी गोष्ट स्वतःच्या शरीराची. पूर्ण अंथरुणावर पडून राहिल्यास स्नायूंचे बळ दिवसाला सुमारे एक टक्क्याने घटते. म्हणजे विश्रांती ही निष्क्रियता नव्हे. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीची हालचाल स्वाराच्या कंबरेला मागे-पुढे, वर-खाली आणि बाजूंना अशी तिन्ही दिशांनी होते आणि ती माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी फार मिळतीजुळती असते. अर्धांग झालेल्या मुलांवर घोड्याच्या साह्याने उपचार करतात, त्यामागचे तत्त्व हेच. याचा उलट अर्थ मी घेतला. घोडा नसेल तर आपणच चालावे! प्रथम अंगणात, मग दमणगंगेच्या काठाने, मग दोन किलोमीटर, मग पाच. मित्राच्या परवानगीने श्वासाचे व ओटीपोटाचे सौम्य व्यायाम चालू केले. परतीसाठी तारीख न ठरविता पायऱ्या ठरविल्या. खोकताना पोटात ओढ नसावी, वेदनाशामक गोळीशिवाय जिना चढता यावा, एका पायावर अर्धा मिनिट स्थिर उभे राहता यावे. मग लाकडी घोडीवर ठेवलेल्या खोगिरात दहा मिनिटे बसावे, आणि नंतरच जिवंत घोड्याचा विचार. गोळीने दुखणे लपवून जो रिकिबीत पाय घालतो, तो स्वतःलाच फसवतो. रक्त पातळ ठेवण्याचे औषध ज्यांना चालू आहे, त्यांनी तर परतण्याआधी आपल्या चिकित्सकाशी मोकळेपणी बोलावे, कारण त्यांच्या बाबतीत साधे पडणेही साधे राहत नाही. काहींनी परत न बसण्याचा निर्णय घेतला, तर तोही शहाणपणाचाच मानावा.

लंगड्या पायाची रपेट

या दिवसांत इतिहासाने मोठी सोबत केली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर महादजी शिंदे यांच्या पायावर घाव बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचविले. पाय जन्मभर अधू राहिला. ज्याचे सर्व आयुष्य घोड्याच्या पाठीवर जावयाचे, त्या तरुण शिलेदाराला ते महिने कसे गेले असतील? पण त्यानंतर १७९४ मध्ये पुण्यात वानवडीस देह ठेवीपर्यंत, तेहतीस वर्षे, त्याच पायाने त्यांनी मोहिमा चालविल्या. १७८३ साली हा नगर हवेलीचा मुलूख मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला, त्याच दशकात ते दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती घेत होते. ज्याने बैलावर घातले त्या भिस्त्याला ते पुढे भाऊ मानीत, हे मला अधिक भावते. परतणारा माणूस एकटा परतत नाही.

दुसरे उदाहरण डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे. १९४४ साली गरोदरपणात त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे निकामी राहिले. घोड्यावर चढावयास आणि उतरावयास दुसऱ्याची मदत लागे. अशा स्थितीत त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या अश्वकलेच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. ही स्पर्धा स्त्रियांना प्रथम खुली झाली ती त्याच वर्षी. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्यपदक पटकावले. पायांनी जे सांगावयाचे ते त्यांनी पाठीने आणि कंबरेने सांगावयास घोड्याला शिकविले. परत येणे म्हणजे पूर्वीसारखेच होणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

तारपा

आता मनात सलणारी एक गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी एक वारली गृहस्थ हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीस आले होते. भात कापून झाले होते, पाड्यापाड्यांवर नाच सुरू व्हावयाचे दिवस होते. जाताना त्यांनी संकोचाने विचारले, "तारपा कधी फुंकू?" बाहेर रांग होती. मी हसून म्हणालो, "तारपा काय घेऊन बसलात, जीव सांभाळा." ते पुन्हा आले नाहीत.

तारपा फुंकताना श्वास खंडू न देता पोटावर सतत ताण येतो. त्यांचा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या अचूक होता आणि त्याला उत्तर होते. काही आठवडे पूर्ण थांबा, मग बसून थोडा वेळ फुंका, दुखले तर थांबा, आणि तोवर पाड्यावरच्या एखाद्या मुलाला सुरावट शिकवा. एवढे सांगावयास दोन मिनिटे लागली असती. ती मी दिली नाहीत. त्यांचा तारपा आणि माझी बिजली यांत काडीचा फरक नव्हता, हे कळावयास माझे पोट उघडावे लागले.

व्यवसायबंधूंना माझी एवढीच विनंती आहे. आपण "सहा आठवडे जड उचलू नका" असे सहज लिहून देतो. कारखान्यातल्या कामगाराला त्या सहा आठवड्यांत पगाराची चिंता असते, शेतकऱ्याची भाताची लावणी हुकते, घरच्या बाईंना कडेवरचे मूल खाली ठेवावे लागते. प्रत्येक रुग्णाचा एक घोडा असतो. तो कोणता, हे विचारावे, आणि "नको" बरोबर "तोवर हे करा" असेही लिहावे. औषधाची मात्रा आपण मोजून देतो, तशी थांबण्याचीही मोजून द्यावी. माझ्या केसपेपरावर आता त्यासाठी एक ओळ राखून ठेवली आहे.

दसऱ्याला मी बिजलीला झेंडूची माळ घातली, तिच्या कपाळाला कुंकू लावले आणि मागे सरलो. दिवाळीनंतर, शस्त्रक्रियेला चार महिने होऊन गेल्यावर, मित्राने पोट तपासून संमती दिली. वाडीतल्या दगडी चौथऱ्यावरून, शिरस्त्राण घालून, मोतद्दाराने लगाम धरला असता मी बसलो. वीस मिनिटे नुसती चाल. दुडकीही नाही. आमचे घोडे अखेर दमणगंगेत न्हाले म्हणावयाचे! खाली उतरलो तेव्हा मोतद्दाराने विचारले, "दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "तरी उद्या नाय. परवा."

मी मान डोलावली. उत्तम पथ्य सांगणारा वैद्य मिळाला असता त्याच्याशी वाद घालू नये.