युरियाची गोणी आणि चाळीतला कांदा

युरिया टाकला की आठवडाभरात कांद्याची पात हिरवीगार होते. सरकारी अनुदानामुळे ४५ किलोची गोणी तीनशे रुपयांच्या आत मिळते. पालाश, स्फुरदाची खते त्या मानाने महाग. त्यामुळे एक-दोन एकरवाला शेतकरी युरियावरच भर देतो. फटका मात्र नंतर, चाळीत बसतो.

युरियात ४६ टक्के नत्र असते. नत्राने पात वाढते, पातीत अन्न तयार होते आणि त्यावर कांदा पोसतो. म्हणून नत्र हवेच. पण ते जास्त किंवा उशिरा दिले तर पात वाढतच राहते, मान जाड होते. जाड मान नीट सुकत नाही आणि तिथूनच सड शिरते. वजनाला भरलेला कांदा असा चाळीत टिकत नाही.

रब्बी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला की भाव पडतो. ज्याचा कांदा टिकतो तो थांबू शकतो. ज्याचा सडतो त्याला मिळेल त्या भावात विकावा लागतो.

म्हणून शिफारशीतले अर्धे नत्र लागवडीच्या वेळी द्यावे, उरलेले ३० आणि ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत. ६० दिवसांनंतर युरिया टाकू नये. पालाश आणि गंधक माती परीक्षणानुसार द्यावे.

गावात काम करणाऱ्या तरुणांनो, माती परीक्षणाचा अहवाल अनेक घरांत न वाचताच पडून राहतो. तो शेतकऱ्याजवळ बसून वाचून दाखवा. एवढ्यानेही एखाद्या घराचा हंगाम वाचू शकतो.