तुटलेल्या बोटाचा हिशेब

पूर्ण तर्जनी तुटली तर माणसाची कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटते, असे आपला कायदा धरतो. अंगठ्याला ३० टक्के, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७. ही यादी १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टातून आलेली. महिना १५ हजार मिळवणारा, ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नोंद असलेला कामगार पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेसवर तर्जनी गमावून बसला, तर वेतनाच्या ९० टक्क्यांचे १४ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे १,८९० रुपये त्याला तहहयात मिळतात. ते विमा महामंडळ देते. मालकाने ठरलेली वर्गणी भरलेली असते, त्यामुळे त्याच्या वहीत या बोटापोटी एक रुपयाही खर्ची पडत नाही.

वहीतले हे शून्य फसवे आहे.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने १९९३ मध्ये पाच ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक बांधकाम, एक दुग्धप्रक्रिया कारखाना, एक मालवाहतूक कंपनी, उत्तर समुद्रातला तेलउत्खननाचा फलाट आणि एक रुग्णालय. काही आठवडे तिथे प्रत्येक लहानमोठ्या अपघाताची, अगदी कोणाला खरचटलेही नाही अशा नासधुशीचीही, किंमत लिहून ठेवली गेली. या काळात एकही मोठी दुर्घटना घडली नाही. तरी वाहतूक कंपनीत हे नुकसान नफ्याच्या ३७ टक्के निघाले. बांधकामावर ते निविदेच्या रकमेच्या ८.५ टक्के होते आणि रुग्णालयात वार्षिक खर्चाच्या ५ टक्के. विम्यापोटी १ पौंड जात असेल, तर विम्यातून न मिळणारे नुकसान ८ ते ३६ पौंड होते.

विम्याबाहेर काय काय जाते, हे आपल्याकडच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये दिसेल. हात सापडला की लाइन थांबते. डाय, म्हणजे साचा, उघडावी लागते, कधी तीच खराब होते. सुपरवायझर रुग्णालयात आणि पोलिस ठाण्यात दिवस घालवतो. बदली आलेला हेल्पर नवखा, त्याचे जॉब रिजेक्ट होतात. राहिलेला माल ओव्हरटाइमवर काढायचा आणि डिस्पॅच चुकले म्हणून वर ग्राहकाची बोलणी खायची. यातले बहुतेक खर्च पगार, दुरुस्ती, भंगार अशा वेगवेगळ्या सदरांत विरून जातात. ‘अपघात’ असे सदर कुठल्याच ताळेबंदात नसते. समजा सगळे मिळून ५ लाख गेले आणि कारखान्याचा निव्वळ नफा ५ टक्के आहे. तेवढे पैसे परत मिळवायला १ कोटीचा जादा माल विकावा लागेल. एवढी ऑर्डर एका फेरीत मिळते का, हे चाकणच्या लघुउद्योजकाला विचारावे.

सुरक्षेचा फायदा सांगताना दोन आकडे हमखास पुढे केले जातात. पहिला आंतरराष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संघटनेचा: प्रतिबंधावर घातलेल्या दर १ युरोमागे २.२ युरो परत. पण तो कंपन्यांनीच मुलाखतीत दिलेल्या अंदाजांवर उभा आहे. दुसरा अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीचा. पॉल ओनील यांनी १९८७ मध्ये सूत्रे हाती घेताच नफ्याआधी सुरक्षेचे नाव घेतले; गुंतवणूकदार चक्रावले. अपघातामुळे कामाचा दिवस बुडण्याचे प्रमाण तेव्हा दर १०० कामगारांमागे १.८६ होते, ओनील पायउतार होईपर्यंत ते ०.२ वर आले आणि वार्षिक नफा सुमारे पाचपट झाला. गोष्ट छान आहे. मात्र नफा सुरक्षेमुळे वाढला की बाजारामुळे, हे एका कंपनीवरून ठरत नाही.

माझा भर तिसऱ्या, कमी गाजलेल्या आकड्यावर आहे. कॅलिफोर्नियात सरकारी निरीक्षक काही उद्योगांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणताही निकष न लावता कारखान्यांची तपासणी करत. लीव्हाईन, टॉफेल आणि जॉन्सन या अभ्यासकांनी अशा ४०९ तपासलेल्या आस्थापनांची तशाच ४०९ न तपासलेल्या आस्थापनांशी तुलना केली. निष्कर्ष २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. तपासणीनंतर दुखापतींचे दावे ९.४ टक्क्यांनी आणि त्यांवरचा खर्च २६ टक्क्यांनी कमी झाला. रोजगार, विक्री किंवा कंपनी टिकण्याची शक्यता यांवर विपरीत परिणाम आढळला नाही. ‘इन्स्पेक्टर आला की धंदा बसतो’ हे आपल्याकडचे पालुपद म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

मग इतका उघड फायदा असताना बोटे का तुटतात? तांत्रिक कारण साधे आहे. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये पिन-क्लच असतो; एकदा फूटपेडल दाबले की स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत मशिन थांबत नाही. तिथे लाइट कर्टन लावून उपयोग नाही. प्रकाशाचा पडदा तुटल्याचे मशिनला कळले तरी ते मध्येच थांबू शकत नाही. तिथे हात आत जाऊच न देणारे गार्ड हवे, नाहीतर क्लच बदलावा लागतो. थांबू शकणाऱ्या प्रेसवरही अंतर मोजावे लागते. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात, मशिन ०.२ सेकंदात थांबत असेल तर पडदा डायपासून किमान ३२ सेंटीमीटर लांब हवा. तो जवळ बसवला तर असून नसल्यासारखाच.

आर्थिक कारण मात्र आपल्या व्यवस्थेतच आहे. ईएसआयमध्ये मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के. दहा वर्षांत एकही बोट न तुटलेल्या कारखान्यालाही तेवढीच आणि दर पावसाळ्यात दोन-चार कामगार जायबंदी करणाऱ्यालाही तेवढीच. १८८४ साली अपघात विम्याचा कायदा करणाऱ्या जर्मनीत धोक्याच्या वर्गानुसार आणि अपघातांच्या नोंदीनुसार वर्गणी कमी-जास्त होते. अमेरिकेतही विम्याचा हप्ता मागील दाव्यांवर ठरतो. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्याच १८८४ साली जखमी गिरणी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायम जायबंदी झाल्यास निर्वाहाची सोय मागितली होती. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले. वर्गणीचा दर सुरक्षेशी जोडण्याचे काम अजून बाकी आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे: अपघातावर पैसे बसले की अपघात लपवले जातील. पण ते आजही लपतातच. २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत रोज सरासरी ३ मृत्यू आणि ११ जखमी, असे सरकारी आकडे सांगतात. म्हणजे एका मृत्यूमागे चारसुद्धा जखमी नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला सुमारे ३ लाख ३० हजार कामगार अपघातांत मरतात आणि ३९ कोटी ५० लाख जखमी होतात. एका मृत्यूमागे हजाराहून अधिक. व्याख्यांतला फरक गृहीत धरला तरी एवढी तफावत समजावून सांगता येत नाही. आपले जखमी कागदावर येतच नाहीत.

म्हणून मोजदाद मालकाच्या अहवालावर सोडू नये. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ईएसआयचे वैद्यकीय मंडळ ठरवते. तीच नोंद आधार धरावी. कंत्राटी कामगाराचे ईएसआय कार्ड अनेकदा अपघातानंतर निघते, म्हणून ते कामाच्या पहिल्याच दिवशी काढल्याचा पुरावाही मागावा. १५ हजार सरासरी पगाराचे १०० कामगार असलेल्या कारखान्यात वर्गणीतला अर्ध्या टक्क्याचा फरक वर्षाला ९० हजार रुपये होतो. ही रक्कम मालकाच्या वहीत दिसेल, आणि गार्डच्या कोटेशनशेजारी ठेवून तिची तुलनाही करता येईल. महामंडळाने निदान प्रेस शॉपपासून तरी ही सुरुवात करावी.