बेकारी भत्ता

बेकारी भत्ता : काम करण्यास समर्थ व इच्छुक असूनही स्वतःच्या दोषाशिवाय कामाविना राहावे लागणाऱ्या व्यक्तीस ठराविक काळापुरते मिळणारे रोख साहाय्य. हा भत्ता म्हणजे दानधर्म नव्हे. विहित अटी पूर्ण करणाऱ्याचा तो कायदेशीर हक्क असतो. त्याचे मुख्य प्रकार दोन : (१) वर्गणीच्या निधीतून विमेदार कामगारास मिळणारा भत्ता व (२) शासनाने रोजगाराची हमी दिली असता ठरलेल्या मुदतीत काम न पुरविल्याबद्दल मजुरास मिळणारा भत्ता. कामावरून कमी करताना मालकाने द्यावयाची छटणी भरपाई यांहून वेगळी असते. तसेच काही राज्यांनी सेवायोजन कार्यालयातील नोंदणीच्या आधारे सुशिक्षित बेकारांना दिलेले साहाय्यही या दोन प्रकारांत मोडत नाही.

भत्ता कायद्याने देय असूनही प्रत्यक्षात पदरात न पडण्याचे प्रमाण मोठे आहे. याचे मूळ बेकारीच्या स्वरूपातच आहे. आजार वैद्याला तपासता येतो, मृत्यूचा दाखला मिळतो. परंतु ‘काम नव्हते’ ही अभावात्मक गोष्ट सिद्ध करण्यास दुसऱ्या कोणाची तरी नोंद लागते. ही नोंद पूर्वीच्या मालकाकडे किंवा काम देऊ न शकलेल्या अधिकाऱ्याकडे असते आणि बहुधा भत्त्याचा भार वा ठपका त्याच्यावरच येत असतो. म्हणजेच ज्याच्याविरुद्ध हक्क मागावयाचा, त्याच्याच हाती पुरावा असतो. निरनिराळ्या देशांतील अडचणी वरवर भिन्न दिसल्या, तरी त्यांतील पुष्कळशा या एका विसंगतीतून उद्‌भवतात.

पाश्चात्त्य देशांतील अनुभव : ग्रेट ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बांधकाम, जहाजबांधणी, अभियांत्रिकी इ. उद्योगांतील कामगारांसाठी सक्तीचा बेकारी विमा सुरू केला. १९१३ पासून आठवड्यास ७ शिलिंग या दराने वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे भत्ता देण्यात येऊ लागला. गैरवर्तनामुळे काम गेल्यास किंवा सबळ कारणाशिवाय ते सोडल्यास सहा आठवडे भत्ता मिळत नसे. मात्र नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोयही त्याच कायद्यात होती. मालकांचा एक प्रतिनिधी, कामगारांचा एक प्रतिनिधी व तटस्थ अध्यक्ष अशा मंडळापुढे आणि त्यानंतर पंचापुढे प्रकरण नेता येई.

पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढली, तेव्हा अर्जदार ‘मनःपूर्वक काम शोधीत आहे’ हे त्यानेच सिद्ध करावे, अशी अट १९२१ मध्ये वाढीव भत्त्यास व १९२४ मध्ये सर्वच भत्त्यास लावण्यात आली. जेथे कामच उपलब्ध नव्हते, अशा खाणींच्या व गिरण्यांच्या गावांतही कामगारांना दारोदार फिरल्याचा हिशेब द्यावा लागे आणि तो पटला नाही, की भत्ता बंद होई. या अटीविरुद्ध असंतोष वाढल्याने १९३० मध्ये ती रद्द करण्यात आली. त्यानंतर, योग्य काम दाखविले असता अर्जदाराने ते नाकारले, हे दिसून आल्यासच भत्ता नाकारता येऊ लागला. पुराव्याचा भार कोणी वाहावयाचा, यावर हक्काचे वास्तव किती अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये याविषयीचा पहिला कायदा केला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर ही पद्धत सर्व राज्यांत पसरली. तेथे निधी मुख्यतः मालकांवरील करातून उभा राहतो आणि एखाद्या मालकाच्या कामगारांना जितका भत्ता द्यावा लागतो, तितका त्या मालकाच्या कराचा दर वाढू शकतो. साहजिकच काम का सुटले, यावरून वाद होतात : कामगार म्हणतो काढून टाकले, मालक म्हणतो राजीनामा दिला. सर्वसाधारणपणे गैरवर्तन सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर, तर स्वतःहून काम सोडल्यास त्याला सबळ कारण होते हे दाखविण्याची जबाबदारी कामगारावर असते. अपिलाची मुदत राज्यपरत्वे बदलते. अनेक राज्यांत ती ३० दिवस वा त्याहूनही कमी असते. अपील चालू असतानाही दर आठवड्यास आपल्या बेकारीचे निवेदन भरत राहावे लागते. ते न भरल्यास अपील जिंकूनही त्या आठवड्यांचा भत्ता हातचा जाऊ शकतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३४, १९५२ व १९८८ मध्ये संमत केलेल्या करारांत बेकारी भत्त्याचा समावेश केला. भत्ता नाकारल्यास अपिलाचा हक्क असावा, हे तत्त्वही या करारांत मान्य झाले आहे.

महाराष्ट्रातील रोजगार हमी : भारतात शेतमजूर व हंगामी मजूर यांचे प्रमाण मोठे असल्याने वर्गणीवर आधारलेला विमा बहुसंख्यांपर्यंत पोहोचणे कठीण होते. महाराष्ट्राने निराळा मार्ग अवलंबिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७२–७३ च्या दुष्काळात विस्तार झाला. १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले व २६ जानेवारी १९७९ पासून हा कायदा अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. रक्कम अल्प असली, तरी काम न दिल्याबद्दल शासन मजुराचे देणे लागते, हे तत्त्व तीमुळे प्रस्थापित झाले.

याच धर्तीवर २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवस कामाची हमी देण्यात आली. अर्ज केल्यापासून किंवा ज्या तारखेपासून काम हवे असेल त्या तारखेपासून, यांपैकी नंतरच्या दिवसापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास आर्थिक वर्षातील पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व उरलेल्या काळासाठी किमान निम्मा भत्ता ठरविण्यात आला. अकुशल कामाची मजुरी केंद्र शासनाने व बेकारी भत्ता राज्य शासनाने द्यावा, अशी विभागणी करण्यात आली. राज्यांनी कामे वेळेवर सुरू करावीत, हा तीमागील हेतू होता. प्रत्यक्षात तिचा उलटा परिणामही झाला : भत्ता टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मागणीची नोंदच न करणे, हे स्थानिक यंत्रणेच्या लक्षात आले.

मजुरांच्या अडचणी : पहिली व सर्वांत मोठी अडचण पोच पावतीची होय. मजूर तोंडी काम मागतो. ग्राम रोजगार सेवक किंवा ग्रामसेवक ‘काम निघाले की कळवू’ असे सांगतो आणि काम सुरू होते त्या सुमारास मागणीचे अर्ज भरून घेतले जातात. कागदोपत्री मागणी व काम यांत अंतरच उरत नसल्याने मजूर कधी बेकार होता, असे दिसतच नाही. संगणकीय नोंदी सुरू झाल्यावरही हा दोष गेला नाही. कारण संगणकात जी तारीख भरली जाते तीच ग्राह्य धरली जाते. महाराष्ट्रात कामाची मागणी नमुना ४ मध्ये करावयाची असून तिची दिनांकित पावती मिळणे हा मजुराचा हक्क आहे. या पावतीवाचून भत्त्याचा दावा उभाच राहत नाही. ग्रामपंचायतीत अर्ज स्वीकारला न गेल्यास तो कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात तहसीलदाराकडे, देता येतो. अनेक मजुरांनी मिळून एकाच दिवशी मागणी नोंदविल्यास ती नाकारणे कठीण जाते.

दुसरी अडचण अपात्रतेच्या नियमांची. २००५ च्या कायद्यानुसार नेमून दिलेले काम न स्वीकारणाऱ्या, सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कामावर हजर न होणाऱ्या किंवा परवानगीशिवाय सलग आठवड्याहून अधिक काळ गैरहजर राहणाऱ्या मजुराचा तीन महिन्यांचा भत्त्याचा हक्क जात असे. कामाची सूचना मजुरापर्यंत पोहोचलीच नसेल, तर तसे लेखी कळविणे त्याच्या हिताचे ठरे. तिसरी अडचण विलंबाची. भत्ता देय झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावा व तक्रारीची नोंद करून ती सात दिवसांत निकालात काढावी, असे कायदा सांगत होता. तथापि तक्रार लेखी नसल्यास ही मुदत सुरूच होत नसे.

विमेदार कामगारांच्या अडचणी : कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना व १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. दुसऱ्या योजनेत दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेल्या कामगारास आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी दैनिक वेतनाच्या एक-चतुर्थांश भत्ता ठेवला होता. २०२० मधील महासाथीच्या काळात हे प्रमाण निम्म्यापर्यंत वाढविण्यात आले. गैरवर्तन, नियत सेवानिवृत्ती व स्वेच्छानिवृत्ती यांमुळे काम गेल्यास भत्ता मिळत नाही.

येथेही पुरावा मालकाच्याच हाती असतो. प्रारंभी अर्ज मालकाकडून प्रमाणित होऊन यावा लागे; कारखानदार टाळाटाळ करीत असल्यास किंवा कारखाना बंद पडून कचेरीला कुलूप लागलेले असल्यास अर्ज पुढे सरकत नसे. २०२० मध्ये कामगारास महामंडळाच्या शाखा कार्यालयाकडे थेट अर्ज करण्याची मुभा मिळाली. तरीही काही अडचणी राहतात. मालकाने वेतनातून वर्गणी कापली, पण ती भरली नाही किंवा कमी दिवसांची दाखविली, तर पात्रतेचे दिवस कमी पडतात. विमापत्र, आधारपत्र व बँक खाते यांवरील नावात वा जन्मतारखेत फरक असल्यास रक्कम अडकते. कपात केल्यावर ‘स्वेच्छेने राजीनामा’ असा कागद सहीसाठी पुढे केला जातो व थकित पगाराच्या आशेने कामगार त्यावर सही करतो. पुढे ती सहीच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. म्हणून वेतनचिठ्ठ्या जपून ठेवणे, वर्गणीच्या नोंदी नोकरीत असतानाच तपासणे, नावातील तफावत वेळीच दुरुस्त करून घेणे व काम सुटल्याचे खरे कारण लेखी मागणे आवश्यक ठरते.

सद्यःस्थिती : डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या ग्रामीण रोजगार कायद्याची जागा घेणारा ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ हा कायदा संमत केला. त्यात वर्षाला १२५ दिवस कामाची हमी असून बेकारी भत्त्याचे तत्त्व राखले आहे. मात्र पेरणी व कापणीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभाही राज्यांना दिली आहे. हमीचे दिवस वाढले, तरी मागणीच्या तारखेचे महत्त्व कमी होत नाही. भत्त्याचा दर व कालावधी कायदा ठरवितो. तो भत्ता मजुराच्या घरी पोहोचतो की नाही, हे मात्र तारीख घातलेल्या पावतीसारख्या लहानशा कागदावर आणि तो कागद कोणाच्या हाती आहे यावर ठरते.