कारण कळण्याआधीच ठरलेले कारण

अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान १२ जून २०२५ रोजी दुपारी उड्डाणानंतर अवघ्या अर्ध्या मिनिटात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण, अशा २६० जणांचा मृत्यू झाला. मृतांची ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांच्या डीएनएचे नमुने घेतले जात होते, तोवर घरोघरच्या मोबाइलवर अपघाताचे कारण ‘सापडले’ही होते. कुणाच्या मते वैमानिक फ्लॅप उघडायला विसरले होते, कुणाच्या मते इंजिनात पक्षी शिरले होते. कुणाला इंधनात भेसळ दिसत होती, तर कुणाला घातपात.

महिन्याभराने तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला. अवशेषांत फ्लॅपचा दांडा उड्डाणासाठी योग्य अशाच स्थितीत सापडला होता. विमानाच्या मार्गाजवळ पक्ष्यांची लक्षणीय हालचाल दिसली नव्हती. इंधन भरणाऱ्या टँकरमधले नमुने समाधानकारक होते. पहिल्या आठवड्यातली तीन लोकप्रिय स्पष्टीकरणे एका अहवालात निकालात निघाली. अहवालात एक गंभीर नोंद मात्र होती. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले होते. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला ‘इंधन का तोडले’ असे विचारतो आणि दुसरा ‘मी तोडले नाही’ असे सांगतो. हे कसे घडले, याचे उत्तर अहवालाने दिले नाही. लोकांनी मात्र ते त्याच दिवशी देऊन टाकले.

यात अहमदाबादच्या अपघाताचे वेगळेपण काही नाही. जवळपास प्रत्येक मोठ्या विमान अपघातानंतर हेच घडते. म्हणून त्याचे कारण एखाद्या वाहिनीच्या किंवा समाजमाध्यमाच्या उतावीळपणापेक्षा खोल, माणसाच्या मेंदूच्या कामकाजात शोधावे लागते.

मनाला रिकामी जागा सोसत नाही

अनपेक्षित आणि भयंकर काही घडले की मेंदू सर्वप्रथम ‘का’ असे विचारतो. कारण कळले तर धोका टाळता येईल, ही त्यामागची जगण्याची गरज आहे. पण उत्तर हाताशी नसेल, तर मेंदू आठवणीत जे सहज सापडेल ते उचलतो. मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७३ मध्ये ही सवय मांडली. जे चटकन आठवते तेच अधिक संभवनीय वाटते, असे तिचे सार. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलेले विमान आठवले की पक्ष्यांवर संशय जातो. २०१८ आणि २०१९ मध्ये कोसळलेली बोइंग ७३७ मॅक्स विमाने आठवली की सॉफ्टवेअरकडे बोट जाते. मागच्या अपघाताचे उत्तर नव्या अपघाताला चिकटवले जाते.

दुसरी सवय त्याहून चिवट आहे. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सेफर्ट या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एका गोदामाच्या आगीचा वृत्तान्त वाचायला दिला. आधी सांगितले की, कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते. नंतर दुरुस्ती केली की, कपाट रिकामे होते. वाचकांना ही दुरुस्ती आठवत होती. तरीही ‘आग इतकी का भडकली’ असे विचारल्यावर अनेक जण रंग आणि गॅसच पुढे करत राहिले. पहिल्या कारणाची पकड सैल झाली ती त्यांना आगीचे दुसरे कारण दिले तेव्हा. ‘ते खरे नव्हते’ एवढे सांगणे पुरत नाही. त्या जागी काहीतरी ठेवावे लागते. विमान अपघाताच्या तपासात नेमकी हीच अडचण असते. ‘अजून माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर अफवेची जागा घेऊ शकत नाही, आणि खरे उत्तर यायला वर्ष-दोन वर्षे लागतात.

मुंबईच्या किनाऱ्यावरचे एकशे एक सेकंद

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी वांद्र्यासमोर अरबी समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कुणीही वाचले नाही. एवढे मोठे विमान, तेही उड्डाणानंतर लगेच कोसळले म्हणजे घातपातच असणार, असा संशय सुरुवातीला बळावला. समुद्रातून काढलेल्या अवशेषांवर मात्र स्फोटाची किंवा आगीची खूण नव्हती.

ब्लॅक बॉक्समधल्या नोंदींतून पुढे आलेली गोष्ट वेगळी होती. किनारा ओलांडताना विमानाने उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. पण विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते. विमान अजूनही उजवीकडेच कललेले आहे, असे ते दाखवत राहिले. ते सरळ करण्यासाठी कॅप्टन विमान डावीकडे कलवत गेले. सरळ असलेले विमान डावीकडे झुकत झुकत १०८ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ उलटे होण्याच्या बेतापर्यंत गेले.

बाहेर पाहून त्यांना हे कळले कसे नाही? या प्रश्नाचे उत्तर कानात आहे. प्रत्येक कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव किंचित मागे राहतो, त्याने सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला वळण्याची जाणीव होते. पण वळण अगदी सावकाश असेल, तर ही जाणीव होतच नाही. एकसारखे फिरणे दहा-वीस सेकंद चालू राहिले, तर द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण स्थिर आहोत. दिवसा क्षितिजाची रेषा ही चूक दुरुस्त करते. रात्रीच्या समुद्रावर क्षितिज नसते. वर काळे आकाश आणि खाली काळे पाणी. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये उपकरणांवर विसंबून उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या वीस शिकाऊ वैमानिकांना क्षितिज दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले गेले. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले.

‘सम्राट अशोक’चे वैमानिक शिकाऊ नव्हते. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे उपकरण होते आणि राखीव म्हणून तिसरेही होते. त्यांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा निष्कर्ष तपासात निघाला. याला ‘वैमानिकाची चूक’ म्हणता येईल. पण त्या दोन शब्दांत बिघडलेले उपकरण, काळोख आणि कानातल्या द्रवाची फसवणूक हे सारे लपून जाते. पुढचा अपघात टाळण्यासाठी उपयोगी पडते ते नेमके हेच.

पाहिलेले आणि पाहिल्यासारखे वाटलेले

‘पण लोकांनी डोळ्यांनी पाहिले ना?’ हा युक्तिवाद प्रत्येक अपघातानंतर येतो. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी इस्रायलचे एक मालवाहू विमान ॲमस्टरडॅममधल्या रहिवासी इमारतींवर कोसळले. काही महिन्यांनी तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारले, ‘विमान इमारतीवर आदळतानाचे दृश्य तुम्ही टीव्हीवर पाहिले का?’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. प्रत्यक्षात त्या क्षणाचे चित्रीकरण अस्तित्वातच नव्हते. लोक खोटे बोलत नव्हते. वर्णने, नंतरची दृश्ये आणि स्वतःची कल्पना यांतून मेंदूने एक चित्रफीत तयार केली होती. म्हणूनच तपास अधिकारी साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतात, पण ते नेहमी उपकरणांच्या नोंदींशी ताडून पाहतात.

बर्फाचा कण आणि एका कॅप्टनची बदनामी

१७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ विमानाची दोन्ही इंजिने हीथ्रोवर उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात पुरेसा जोर देईनाशी झाली. विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतावर आदळले. विमानातील १५२ जणांपैकी सगळे वाचले. त्याच वेळी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या गाड्यांचा ताफा विमानतळाजवळ होता. त्यावरून ताफ्यातल्या सुरक्षा यंत्रांच्या लहरींनी इंजिने बंद पाडली, अशी चर्चा रंगली. दुसरीकडे वैमानिकांच्या वर्तुळात कुजबुज सुरू झाली की, कॅप्टन पीटर बर्किल ऐन क्षणी गोठून गेले होते.

तपासाला दोन वर्षे लागली. सैबेरियावरून येताना विमानातले इंधन उणे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाले होते. इंधनात नेहमीच पाण्याचा किंचित अंश असतो आणि इथेही तो ठरलेल्या मर्यादेत होता. त्याचे बर्फ होऊन नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकटत गेले. उतरताना इंजिनांना जास्त इंधन हवे झाले, तेव्हा हे बर्फ सुटून पुढे वाहत गेले आणि इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी साचले. इंजिने उपाशी राहिली. या यंत्राची रचना नंतर बदलण्यात आली. कॅप्टन गोठले नव्हते. उलट, शेवटच्या क्षणी त्यांनी फ्लॅप थोडे कमी केल्याने विमान काही मीटर पुढे जाऊ शकले, अशी नोंद तपासात झाली. तोवर मात्र अफवेची किंमत ते स्वतः आणि त्यांचे कुटुंब मोजत होते. त्यांना नोकरी सोडावी लागली होती. अहवाल आल्यानंतर, २०१० मध्ये ते परतले.

बर्फाचे कण हे कारण कुणालाही पहिल्या दिवशी सुचले नव्हते. सुचणार तरी कसे? मोठ्या घटनेचे कारणही मोठेच असणार, असा मनाचा आग्रह असतो. बाँब, कट किंवा एखादा दोषी माणूस त्या मापात बसतो. चिमूटभर बर्फ बसत नाही.

तर्काची किंमत कोण मोजतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत अपघाताच्या तपासाचा एकच हेतू सांगितला आहे: पुढचे अपघात टाळणे. दोष किंवा जबाबदारी ठरवणे हे त्याचे काम नाही. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत द्यावा, असे त्यात म्हटले आहे. या दोन अहवालांमधला काळ सर्वांत जड जातो तो मृतांच्या कुटुंबांना. अहमदाबादच्या विमानाच्या कॅप्टनचे वयोवृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना सांगितले की, प्राथमिक अहवालात त्यांच्या मुलावर ठपका ठेवलेला नाही आणि त्यांनी हे ओझे मनावर बाळगू नये. लोकांनी मोबाइलवरून ठेवलेले ओझे उतरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले.

तर्कवितर्क पाहत बसणाऱ्यांनाही त्याची झळ लागते. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील बाँबस्फोटांनंतर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्या आणि दृश्ये पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. झोप उडणे, तीच दृश्ये डोळ्यांसमोर येणे, सतत दचकणे ही अशा ताणाची लक्षणे. ज्यांना लवकरच विमानाने जायचे आहे किंवा ज्यांची मुले परदेशी आहेत, अशांनी अपघाताची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिल्याने त्यांची माहिती वाढत नाही; भीती मात्र वाढते.

उत्सुकता दाबून टाकणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. तिला थोडी शिस्त लावता येते. बातमी पाहताना ‘काय घडले’ आणि ‘का घडले’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर काही तासांत मिळू शकते, दुसऱ्याचे नाही. सांगणारा ब्लॅक बॉक्सच्या नोंदींवरून बोलतो आहे की चित्रफितीवरून, हे पाहावे. ज्या स्पष्टीकरणात एकच कारण आणि एकच दोषी असेल, त्यावर अधिक संशय घ्यावा, कारण बहुतेक अपघात अनेक छोट्या बिघाडांची साखळी असतात. दिवसातून ठरावीक वेळी विश्वासार्ह बातमी पाहावी आणि मग फोन बाजूला ठेवावा. तीव्र ताणाची लक्षणे महिनाभराहून जास्त टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणि एखादे नाव घेऊन ‘यानेच केले’ असा संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी हेही ध्यानात घ्यावे की, त्या नावाच्या माणसाच्या घरी कुणीतरी तो वाचणार आहे. अहवाल आल्यावर संदेश मागे घेता येतो. पण वाचणाऱ्याच्या मनातून तो जात नाही, हे गोदामाच्या आगीच्या प्रयोगाने तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.