शंभरातले पाच

डांबरी मालाचा डंपर कामावर येऊन उभा राहिला की जाणता मुकादम आधी ताडपत्री बाजूला करायला लावतो आणि काही न बोलता बघतो. ढिगातून निळसर धूर निघत असेल तर प्लांटवर माल करपवलाय. पांढरी वाफ असेल तर खडी ओलसर राहिली, पुरती वाळवली नाही. ढीग उंच, टोकदार आणि निस्तेज दिसला तर माल निवलाय किंवा डांबर कमी पडलंय. ढीग पसरून तेलकट चकाकत असेल तर डांबर जास्त झालंय. एवढं पाहून झालं की मग थर्मामीटर खुपसायचा. प्लांटवरून दीडशे-एकशे साठ अंशांना निघालेला माल वाटेत किती उतरला, ते कळतं. पेव्हरने अंथरून रोलरच्या फेऱ्या पुऱ्या व्हायच्या आत तो शंभराच्या खाली गेला, तर तो दाबला जात नाही, नुसता वरून चोपला जातो. रस्ता त्या रात्री सारखाच काळाभोर दिसतो. फरक पुढच्या पावसात दिसतो.

हा सगळा खटाटोप ज्या पदार्थासाठी, तो या ढिगात असतो किती? जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग अंथरून जागतिक विक्रम झाला. १०५ तास ३३ मिनिटं काम चाललं. ३६,६३४ टन माल लागला आणि त्यात डांबर होतं २,०७० टन. म्हणजे शंभर किलोंत साडेपाचच्या जरा वर. बाकी खडी, कच आणि दगडाची भुकटी. खडीच्या एकेका कणाभोवती डांबराचा जो पापुद्रा बसतो त्याची जाडी साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. मालट्रकची चाकं, वैशाखातलं ऊन आणि आषाढातलं पाणी या सगळ्याशी भिडायचं ते त्या पापुद्र्याने. रस्ता दगडाचा असतो हे खरंच, पण त्याचं आयुष्य या शंभरातल्या पाचांत असतं.

डांबर हा शब्द आपण दोन वेगळ्या पदार्थांना सरसकट लावतो. दगडी कोळसा हवेविना तापवून कोक करताना जो काळा द्रव गळतो, ते मूळचं डांबर. कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच घराण्यातल्या, कारण त्यांतलं नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातून काढत. लाकूड कुजू नये म्हणून खांबांना आणि होड्यांना फासत तेही बहुधा हेच. ते आरोग्याला घातक, उन्हात लवकर पातळ आणि थंडीत लवकर ठिसूळ होणारं, म्हणून रस्त्यावरून ते मागे पडलं. आजच्या रस्त्यावरचं डांबर म्हणजे बिटुमेन, खनिज तेलाचा तळ. चेंबूरपलीकडे माहूलला १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे राष्ट्रीयीकरण होऊन ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे झाले. अशा कारखान्यात कच्च्या तेलातून आधी गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघतं. उरलेला जड भाग निर्वात मनोऱ्यात पुन्हा उकळवतात, कारण साध्या दाबाखाली आणखी तापवला तर तो फुटून कोळसा होईल. त्यानंतरही जे वर चढत नाही, ते डांबर.

प्रत्येक तेलाचा तळ सारखा नसतो. आपलं मुंबई हायचं तेल हलकं आणि मेणचट. गाड्यांच्या इंधनाला उत्तम, डांबराला जवळपास निरुपयोगी. आखातातलं जड तेल त्या कामाला चालतं. रिफायनरीतल्या रसायनतज्ज्ञाची परीक्षा इथेच सुरू होते: येणारं तेल बदलत राहतं आणि जाणाऱ्या डांबराची प्रत मात्र बदलून चालत नाही.

डांबराच्या आत काय आहे हे समजायला स्वयंपाकघरापर्यंत जावं. बेसनाच्या लाडवात तूप जास्त झालं की लाडू बसतो, कमी पडलं की फुटतो. डांबरात बेसनाच्या जागी अ‍ॅस्फाल्टीन नावाचे काळे, जड, कोरडे रेणू असतात. तुपाच्या जागी हलकी तेलं. मध्ये रेझिन नावाचे चिकट रेणू, जे अ‍ॅस्फाल्टीनला तेलात तरंगतं ठेवतात, गुठळ्या होऊ देत नाहीत. या मंडळींचं प्रमाण म्हणजेच डांबराचा स्वभाव.

आणि हे प्रमाण पहिल्या दिवसापासून बदलत जातं. हलकी तेलं थोडी उडून जातात, पण खरा बदल ऑक्सिजन घडवतो. तो रेणूंमध्ये शिरतो, त्यांना एकमेकांकडे ओढणारा बनवतो, तेलांचे रेझिन आणि रेझिनचे अ‍ॅस्फाल्टीन होतात. डांबर घट्ट आणि ठिसूळ होत जातं. जुना रस्ता करडा दिसतो, त्यावर नकाशातल्या नद्यांसारख्या भेगा पडतात, ते याचमुळे. रस्त्याच्या सगळ्या आयुष्यात हा बदल सर्वांत वेगाने होतो तो पहिल्या काही तासांत, प्लांटवर तापलेल्या खडीवर डांबराचा पातळ थर पसरतो तेव्हा. प्रयोगशाळेत त्याची नक्कल करतात: फिरत्या काचेच्या बाटल्यांत डांबराचा पातळ थर, १६३ अंश, वर हवेचा झोत, ८५ मिनिटं. भारतीय मानक सांगतं की त्यानंतर डांबराचा दाटपणा आधीच्या चौपटीहून अधिक वाढता कामा नये. निळ्या धुराकडे पाहून मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यामागचं रसायनशास्त्र हे असं आहे.

याच वार्धक्याचा कुणीतरी जाणूनबुजून उपयोग केला, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. १८९४ साली अमेरिकेत फ्रान्सिस बायर्ली यांनी तेलाच्या तापलेल्या गाळातून हवा फुंकण्याची पद्धत आणली. आजही अडीचशे अंशांच्या आसपास तापवलेल्या उंच टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात. ऑक्सिजन रेणूंमधला हायड्रोजन काढून पाण्याच्या वाफेत नेतो आणि उघडे पडलेले रेणू एकमेकांना जोडले जातात. हे काम लवकर आणि हवं तसं व्हावं म्हणून फेरिक क्लोराइड किंवा फॉस्फरस पेंटॉक्साइड चिमूटभर घालायचीही रीत आहे. यातून निघतं फुंकलेलं डांबर. ८५/२५ या प्रतीचं नाव वाचायला सोपं आहे: ते ८५ अंशांच्या सुमाराला मऊ पडतं आणि २५ अंश तापमानाला प्रमाणित सुई त्यात साधारण अडीच मिलिमीटर शिरते. रस्त्याच्या व्हीजी-३० डांबराला मऊ पडण्याची किमान मर्यादा आहे ४७ अंश.

असं डांबर रस्त्यावर तडकेल, छपरावर शोभतं. छपरावरून ट्रक जात नाही. तिथे धोका असतो उन्हाने वितळून उतारावरून ओघळण्याचा. टारफेल्टच्या थरांमध्ये हेच ओतत आले. पण तापल्यावर फुगणारा आणि निवल्यावर आकसणारा स्लॅब सतत हलत असतो, आणि ओघळत नाही तेवढंच ठिसूळही असलेलं हे डांबर काही उन्हाळ्यांनंतर सांध्यांवर चिरतं. मुंबईतल्या इमारतींच्या गच्च्यांवर पत्र्याच्या शेड चढल्या त्यामागे कोब्याच्या आणि डांबराच्या अशा चिरांचाही मोठा वाटा आहे.

रस्त्याचं दुखणं याच्या उलट टोकाला: उन्हात मऊ पडून चाकांखाली दबण्याचं. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास पोचतो. तरी अनेक दशकं डांबराची प्रत ठरवायची ती २५ अंशांना सुई किती शिरते यावरून. ८०/१००, ६०/७० ही जुन्या अभियंत्यांच्या तोंडी अजून असलेली नावं तिथलीच. २००६ मध्ये मानक बदललं आणि ६० अंशांना डांबर किती दाट राहतं ते मोजायला लागले. व्हीजी म्हणजे त्या दाटपणावरून ठरलेली प्रत. हा बदल वर्तमानपत्रांत कुठे गाजला नाही, पण आपल्या रस्त्यांसाठी तो मोलाचा होता: पदार्थाची परीक्षा अखेर त्याला जिथे काम करायचं त्या उन्हात घेतली जाऊ लागली.

दाट डांबर उन्हात टिकतं, पण थंडीत आणि वारंवार वाकण्यात तडकतं. दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर बाहेरून मदत घ्यावी लागते. एसबीएस हे रबर त्यासाठी आलं. त्याच्या लांब रेणूची दोन्ही टोकं स्टायरीनची, म्हणजे कडक, आणि मधला भाग ब्युटाडाइनचा, म्हणजे लवचीक. कडक टोकं एकमेकांजवळ गोळा होऊन गाठी बांधतात आणि लवचीक दोऱ्या त्या गाठींमध्ये ताणल्या जातात. १०० अंशांच्या आसपास गाठी सैलावतात, म्हणून १८० अंशांच्या डांबरात, जोरात घुसळणाऱ्या मिलमध्ये, हे रबर मिसळता येतं. निवलं की गाठी पुन्हा बसतात. रस्त्यासाठी डांबराच्या ३ ते ५ टक्के एसबीएस पुरतं. छपरासाठी १० टक्क्यांच्या वर घालतात, आणि तिथे गंमत होते: डांबरातली तेलं पिऊन फुगलेलं रबर इतकं पसरतं की डांबरात रबर राहत नाही, रबरातच डांबर राहायला येतं. मग छपराची चादर रबरासारखी ताणली जाते आणि परत येते. फक्त टाकी ढवळत ठेवावी लागते, नाहीतर रबर वर आणि डांबर खाली अशी वाटणी होते. चिमूटभर गंधकाने दोघांना बांधून घेतात तेही याचसाठी.

छपराच्या चादरींचा दुसरा प्रकार इटलीतून आला. मिलानच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन घडवलं आणि त्यासाठी १९६३ चं नोबेल कार्ल त्सिग्लर यांच्यासह मिळालं. हे प्लॅस्टिक करताना एक चिकट, बिनकामाचा भाग उरायचा, त्याचे रेणू वेडेवाकडे लागलेले. १९६०च्या दशकात इटलीतल्या कारागिरांनी तो डांबरात मिसळला आणि एपीपीची, म्हणजे अ‍ॅटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीनची, चादर झाली. आज गच्चीवर गॅसच्या बर्नरने खालची बाजू वितळवत गुंडाळी उलगडणारे कामगार दिसतात, त्यांच्या हातातली चादर बहुधा हीच.

टाकाऊ वस्तूंचं डांबराशी असं जुनं जमतं. अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी जुन्या टायरांचा भुगा डांबरात शिजवला. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लॅस्टिकचा कचरा डांबरात न घालता १७० अंशांच्या आसपास तापलेल्या खडीवर टाकला. तो वितळून दगडावर पातळ लेप बसतो, मग डांबर. २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी मार्गदर्शिका काढली, २०१८ मध्ये वासुदेवन पद्मश्री झाले. कल्पना साधी आणि भक्कम आहे. फक्त तिच्यात निवड पाळावी लागते: पिशव्यांचं प्लॅस्टिक चालतं, पीव्हीसी अजिबात नाही, कारण तापल्यावर त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतात. आणि दगडावरचा लेप कितीही चांगला असला तरी निवलेला माल अंथरला तर तो रस्ता वाचवू शकत नाही.

पाण्याचं प्रकरण वेगळं. दगडाला तेलापेक्षा पाणी जवळचं वाटतं. भेगेतून पाणी आत गेलं की ते दगड आणि डांबर यांच्या मध्ये शिरून पापुद्रा सोडवतं, वरून चाक गेलं की तेच पाणी पंपासारखं दाबलं जातं. खड्डा असा आतून सुरू होतो. यात दख्खनच्या माणसाचं एक भाग्य आहे. आपला काळा पाषाण, बेसाल्ट, मुळात अल्कधर्मी असल्याने डांबराला ग्रॅनाइट किंवा गारगोटीपेक्षा घट्ट धरून राहतो. तरी थोडा विरलेला चुना किंवा अमाइन वर्गातलं रसायन घातलं तर ही पकड आणखी टिकते. परीक्षा अगदी साधी: डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवायची आणि किती उघडी पडली ते डोळ्यांनी पाहायचं.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता या सगळ्याचा साक्षीदार आहे. १९७३ च्या पावसात शहरातले रस्ते उखडले, त्यानंतर रेकॉन्डो या कंपनीने हॉट मिक्स पद्धतीने तो बांधला आणि दहा वर्षांची हमी दिली. १९७६ साली पुरा झालेला तो रस्ता हमी संपल्यावरही दशकानुदशकं खड्ड्यांविना राहिला. तेव्हा पॉलिमरचं डांबर आपल्याकडे रूढ नव्हतं. जे होतं ते साधं डांबर, नीट निवडलेली खडी, योग्य तापमान, पाणी वाहून जाण्याची सोय आणि पुरी झालेली रोलिंग. रोलिंग म्हणजे आत हवेला नको तेवढी जागा न ठेवणं. पोकळ्या एका मर्यादेपलीकडे राहिल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात, मग हवा आणि पाणी थेट त्या शंभराव्या भागाच्या पापुद्र्यापर्यंत जातात. आज नव्या प्रतींची डांबरं हाताशी असताना एका पावसात उखडणारे रस्ते पाहून मला राग येतो तो म्हणूनच. रसायनशास्त्राने आपलं काम केलेलं असतं. माल ट्रकमध्ये निवू देणं, पावसाच्या तोंडावर ओल्या पायावर अंथरणं, रोलरच्या फेऱ्या चोरणं, यावर कुठलाही रेणू उपाय करू शकत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसरच्या बायपासवर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, एका पट्ट्यात डांबराच्या काही भागाची जागा लिग्निनला दिली गेली. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज आणि दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने मिळून हे काम केलं. लिग्निन म्हणजे झाडांच्या आणि पिकांच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ. काडीकचऱ्यापासून इथेनॉल करताना तो मागे उरतो. विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे परीक्षेची जागा योग्य निवडली आहे. एखाद्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला तिथे जायचं माझ्या मनात आहे. चाकं जातात त्या पट्ट्यावर आडवी सरळपट्टी ठेवून तिच्याखाली किती फट दिसते, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे.