तमाशाचा फड आणि पारितोषिकप्राप्त संगीतप्रधान चित्रपट

पुणे-नाशिक महामार्गावर, जुन्नर तालुक्यात, नारायणगावास लागूनच वारूळवाडी हे गाव वसले आहे. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास या परिसरात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. ठिकठिकाणच्या यात्रा समित्यांचे पदाधिकारी येथे येतात, फडमालकांशी बोलणी करतात आणि आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी खेळाची सुपारी देऊन जातात. नारायणगावास ‘तमाशा पंढरी’ म्हणतात ते यामुळेच. राष्ट्रीय पारितोषिके मिळविणाऱ्या काही महत्त्वाच्या मराठी चित्रपटांचे मूळही याच लोककलेत आहे. चित्रपटाने फडाकडून काय घेतले आणि काय त्याला घेता आले नाही, हे समजून घेणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

फडाची रचना

ढोलकी फडाच्या तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणेशवंदनेने होतो. त्यानंतर गौळण येते. तीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, कृष्ण आणि पेंद्या यांची थट्टामस्करी रंगते. पुढे बतावणी, लावण्या आणि शेवटी वग असा क्रम असतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही प्रमुख वाद्ये होत. मुख्य गायकाने ओळ म्हणावी, मागे उभ्या असलेल्या सुरत्यांनी झील धरावी आणि ढोलकीने तिला उत्तर द्यावे, अशी ही गायनपद्धती आहे. लावणी किती वेळ चालावी हे प्रेक्षकांच्या प्रतिसादावर अवलंबून असते. वगातील संवाद तर पुष्कळदा लिहिलेलेच नसतात. कथेचा सांगाडा ठरलेला असतो. बाकीचे सोंगाड्या आणि इतर नट रंगमंचावर उभे राहून रचतात.

ध्वनिमुद्रिका आणि पडदा

ही कला चित्रपटात आणताना तिला नव्या बंधनात बसवावे लागले. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेव्हा रात्रभर फुलणारी लावणी मोजक्या कडव्यांची झाली, तिची चाल पक्की झाली आणि ढोलकीच्या जोडीस इतर वाद्ये आली. १९४७ साली राजकमल कलामंदिराने काढलेल्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने ही वाट रुंद केली. ग. दि. माडगूळकर यांचे लेखन, वसंत देसाई यांचे संगीत आणि जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका हे त्याचे बळ होते. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. वसंत पवार यांच्या संगीताने नटलेला हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. तमाशापट हा मराठी चित्रसृष्टीचा एक मोठा आधार बनला.

‘पिंजरा’

या परंपरेतील ‘पिंजरा’ या १९७२ सालच्या चित्रपटास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, पटकथा-संवादांत शंकर पाटील यांचा वाटा, गीते जगदीश खेबुडकर यांची आणि संगीत राम कदम यांचे होते. आदर्शवादी शिक्षक तमाशातील नर्तकीच्या मोहात सापडतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षेस सामोरा जातो, अशी ही कथा आहे. १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाशी तिचे नाते असले, तरी तिचा साज अस्सल मराठी मातीचा आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केलेला शिक्षक, संध्या यांची नर्तकी आणि निळू फुले यांची भूमिका आजही लोकांच्या स्मरणात आहे. तथापि या कथेत तमाशा हा गावाच्या नीतीवर आलेले संकट म्हणूनच दिसतो. फडातील माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न तेथे दुय्यम राहतो.

फडाच्या आतून पाहणे

हा दृष्टिकोन पुढील काळात बदलत गेला. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक होता विदूषक’ (१९९२) हा तमाशातील सोंगाड्याची कथा सांगतो. आनंद मोडक यांचे संगीत आणि ना. धों. महानोर यांची गीते लाभलेल्या या चित्रपटास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे नृत्यदिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक याच चित्रपटासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना देण्यात आले. लावणी जगलेल्या कलावंताच्या हाती मानपत्र थेट पोचल्याचे असे प्रसंग विरळाच.

डॉ. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीवर रवी जाधव यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. तो १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला आणि २००९ या वर्षासाठीचे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याने मिळविले. पहिलवानी शरीराचा एक शेतमजूर फड उभा राहावा म्हणून नाच्याची भूमिका स्वीकारतो आणि तिची सामाजिक किंमत मोजतो. अतुल कुलकर्णी यांनी ती भूमिका केली. संगीत अजय-अतुल या बंधूंचे होते. वडिलांच्या नोकरीतील बदल्यांमुळे या बंधूंचे बालपण पुणे जिल्ह्यातील निरनिराळ्या गावांत गेले. त्यांनाच ‘जोगवा’ या चित्रपटासाठी २००८ या वर्षाचे संगीत दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते.

विठाबाई आणि फडाचे वास्तव

पारितोषिकांच्या या उजेडाची दुसरी बाजू नारायणगावास चांगली ठाऊक आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात वाढलेल्या विठाबाई (१९३५-२००२) यांनी आपल्या गायन-नृत्याने महाराष्ट्र गाजविला. बाळंतपणाच्या दिवसांतही त्या बोर्डावर उभ्या राहिल्याची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. अशा कलावतीची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. त्यांच्या निधनानंतर राज्य शासनाने ज्येष्ठ तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. परंतु फडाचे पोट पुरस्कारावर चालत नाही, ते यात्रेच्या सुपारीवर चालते. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा ही गोष्ट कठोरपणे सिद्ध झाली. एका फडावर वादक, नट, नर्तकी, मंडप उभारणारे, वाहनचालक आणि आचारी अशा अनेकांची कुटुंबे अवलंबून असतात.

आणखी एक उलटा प्रवाह ध्यानात घेतला पाहिजे. फडातून चित्रपटात गेलेली लावणी चित्रगीत होऊन फडात परतली आहे. प्रेक्षक गाजलेल्या चित्रगीतांची फर्माईश करतात, फडमालकास ती पुरवावी लागते आणि वगाचा वेळ त्या प्रमाणात आखडतो. लावणीची चाल ध्वनिमुद्रणात जपता येते. वगातील हजरजबाबीपणा मात्र समोर प्रेक्षक असल्याशिवाय जिवंत राहू शकत नाही. चित्रपटास नेमके हेच उचलून नेता आले नाही आणि आज नेमके हेच धोक्यात आहे.

गाव काय करू शकेल?

या कामी फार मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. सुपारी देतानाच गण, गौळण आणि वग यांसह पूर्ण खेळ व्हावा, अशी अट यात्रा समितीने बोलून घ्यावी आणि त्यास साजेशी बिदागी ठरवावी. ग्रामपंचायतीने कलावंतांसाठी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि स्त्री कलावंतांना सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी. रंगमंचाजवळ बंदोबस्त ठेवावा. शिक्षकांनी वर्गात लोककलेचा पाठ शिकविताना परिसरातील एखाद्या ढोलकीवादकास किंवा शाहिरास पाचारण करावे. फडाबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये, याकडे शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे. ज्येष्ठ कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. आपल्या गावातील पात्र कलावंताचा अर्ज वेळेत व पूर्ण कागदपत्रांसह जाईल, हे ग्रामसेवकास सहज पाहता येईल.

पारितोषिकाने चित्रपटाचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पुढच्या पिढीतील संगीतकारास आणि पटकथाकारास शिकण्यासाठी फड उरावयाचा असेल, तर चैत्रात राहुटीपुढे होणारी बोलणी गावांनी अधिक जाणतेपणाने केली पाहिजेत.