भुकटी मिसळली, पुढे काय?

पीव्हीडीएफ हे फ्लोरीनयुक्त प्लास्टिक. त्याची फिल्म ताणली, तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवली (हेच पोलिंग) आणि मग दाबली, तर तिच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो (हाच पिझोइलेक्ट्रिक गुण), हे जपानच्या हेइजी कवाई यांनी १९६९ मध्ये दाखवले. अल्ट्रासाउंड मोजणाऱ्या हायड्रोफोनमध्ये ही फिल्म अनेक वर्षे बिनबोभाट काम करते आहे. पुढे तिच्यात बेरियम टायटनेटसारख्या फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे विद्युतक्षेत्राने ध्रुवण उलटवता येणाऱ्या, सिरॅमिकची नॅनोभुकटी मिसळून कंपोझिट बनवण्याची लाट आली आणि तिच्याबरोबर काही समजुतीही पसरल्या. प्रकल्पांच्या अहवालांत आणि बातम्यांत त्या इतक्या वेळा भेटतात की तपासून पाहायचे कोणाला सुचत नाही.

"बेरियम टायटनेटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक हजारांत असतो, थोडी भुकटी मिसळली की फिल्मचाही शेकड्यांत जातो."

यामागे सरासरीचा हिशेब आहे. पॉलिमरचा स्थिरांक १०, भुकटीचा १,०००. आकारमानाने २० टक्के भुकटी घातली तर उत्तर दोनशेच्या वर जायला हवे. पण विद्युतक्षेत्र असे समान वाटले जात नाही. स्थिरांक जिथे कमी, तिथे ते एकवटते, म्हणजे पॉलिमरमध्ये. विरळ विखुरलेल्या गोल कणाच्या आत बाहेरच्या क्षेत्राचा जेमतेम ३ टक्के भाग पोचतो. मॅक्सवेल-गार्नेटच्या सूत्रात हेच आकडे घातले की उत्तर येते १७.२. आता भुकटी दसपट जोरकस घ्या, स्थिरांक १०,००० धरा. उत्तर येते १७.५. म्हणजे दसपट भारी भुकटीचा नफा ०.३! कण एकमेकांना टेकू लागले की सूत्र तोकडे पडते आणि प्रत्यक्षातला आकडा याहून वर जातो, हे खरे. पण २० टक्क्यांत शेकडा गाठण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. कणाच्या आत क्षेत्र पोचत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

"भुकटी वाढवली आणि कण बारीक केले की ऊर्जेची साठवणही वाढते."

साध्या डायइलेक्ट्रिकमध्ये साठणारी ऊर्जा स्थिरांकाच्या पटीत वाढते, पण क्षेत्राच्या वर्गाच्या पटीत. भुकटीने स्थिरांक दुप्पट केला आणि फिल्म निम्म्या क्षेत्रालाच फुटू लागली, तर साठवण निम्म्यावर येते. फिल्म लवकर फुटते ती कणांच्या गुठळ्यांमुळे आणि त्यांच्याभोवती राहिलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे. बारीक कणांना गुठळ्या होण्याची खोड अधिक, कारण त्यांचा पृष्ठभाग अफाट असतो: ५० नॅनोमीटर व्यासाच्या कणांच्या एका घनसेंटिमीटरला १२० चौरस मीटर, म्हणजे तेराशे चौरस फुटांच्या प्रशस्त फ्लॅटएवढा. तेवढ्या सगळ्या पृष्ठभागाला पॉलिमर नीट चिकटला पाहिजे. सिलेन किंवा डोपामाइनचा लेप देण्याची खटपट त्यासाठीच असते. शिवाय बेरियम टायटनेटचा कण फार बारीक झाला की त्याची स्फटिकरचना घनाकृतीकडे झुकते आणि ज्या गुणासाठी त्याला घेतले तोच ओसरू लागतो.

"इन्फ्रारेड तपासणीत ९० टक्के बीटा आले, म्हणजे ९० टक्के फिल्म फेरोइलेक्ट्रिक झाली."

आकडा खोटा नसतो, तो कशाचा आहे हे विसरले जाते. पीव्हीडीएफच्या साखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन, पुढच्यावर दोन फ्लोरीन, अशी आलटूनपालटून मांडणी असते. साखळी सरळ ताठ राहिली तर सगळे फ्लोरीन एका बाजूला येतात. हे बीटा रूप. वितळलेले पीव्हीडीएफ नुसते थंड केले तर साखळी पीळ घेते आणि शेजारशेजारच्या साखळ्यांचे ध्रुवण एकमेकांना रद्द करते; हे अल्फा. अल्फाची फिल्म ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चार-पाच पट ताणली की बीटा मिळते. इन्फ्रारेडचे प्रचलित सूत्र सांगते ते फक्त अल्फा आणि बीटा यांचे आपसातले प्रमाण. फिल्मचा स्फटिकी भागच साधारण निम्मा असतो. बाकीचा अस्ताव्यस्त साखळ्यांचा. म्हणजे ९० टक्क्यांचे झाले ४५. त्यातही ८४० या तरंगांकाच्या पट्ट्यात गॅमा रूपही मिसळलेले असते. १२७५ला बीटाचा आणि १२३४ला गॅमाचा पट्टा वेगळा पाहिल्याशिवाय निवाडा करू नये.

आणि बीटा मिळाली म्हणून पोलिंग टळत नाही. स्फटिकांची तोंडे दाही दिशांना असतील तर बेरीज शून्यच. ती वळवायला मीटरमागे सुमारे ५ कोटी व्होल्टचे क्षेत्र ओलांडावे लागते. २० मायक्रॉनच्या फिल्मवर हजार व्होल्ट.

"ध्रुवण आणि क्षेत्राच्या आलेखात लूप दिसला, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक सिद्ध."

केळ्याच्या सालीलाही लूप येतो. जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये हा आलेख छापून अनेकांचे डोळे उघडले. ज्यातून वीज झिरपते असा कोणताही पदार्थ जाडजूड, गोलसर टोकांचा लूप देतो. खरा लूप वर जाऊन सपाट होऊ लागतो आणि वारंवारता बदलली तरी ओळख सोडत नाही.

"पॉलिमर पिझोइलेक्ट्रिक, भुकटीही पिझोइलेक्ट्रिक, दोन्ही मिळून दुप्पट काम."

इथे चिन्ह आडवे येते. बेरियम टायटनेट सिरॅमिकचा पिझो गुणांक अधिक १९०च्या आसपास, पीव्हीडीएफचा उणे ३०च्या आसपास (पिकोकूलोम प्रति न्यूटन). दोघांचे पोलिंग एकाच दिशेने झाले तर एक दुसऱ्याचे काही अंशी खाऊन टाकतो. उष्णतेला मिळणारा प्रतिसाद मात्र दोघांचा एकाच चिन्हाचा, त्यामुळे तिथे बेरीज होते. कणांच्या आत क्षेत्र पोचत नाही, म्हणून त्यांचे पोलिंग अर्धवट राहते आणि ही वजाबाकी पुष्कळदा लपून राहते.

"बोटाने टिचकी मारली की २० व्होल्ट, आता मोबाइल यावरच चार्ज होईल."

व्होल्ट खरे असतात, पण ते मोजताना रोध १ कोटी ओहमचा असेल तर शक्ती भरते ४० मायक्रोवॅट, तीही क्षणभर. दहा वॉटचा साधा चार्जर याच्या अडीच लाख पट देतो. सेन्सरसाठी हे व्होल्ट उत्तम, चार्जरसाठी निरुपयोगी. त्यातही ते पिझोचेच आहेत का, हा प्रश्न उरतो. फ्लोरीनयुक्त प्लास्टिक स्पर्शाने आणि घर्षणाने चटकन ऋणभारित होते. तीच टिचकी पोलिंग न केलेल्या फिल्मवर मारून पाहावी. तिथेही तितकेच व्होल्ट आले, तर ते भुकटीचे नाहीत आणि बीटाचेही नाहीत.